इलेव्हेशनच्या बैलाला!

मराठीत गेल्या काही वर्षांत एक नवा देव आलाय. त्याचं नाव इलेव्हेशन. आर्किटेक्ट मंडळींच्या भाषेत या शब्दाचा अर्थ अगदी साधा आहे: इमारतीचं एका बाजूनं काढलेलं उभं चित्र. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा शब्द कुणी उच्चारला की सगळे एकदम गंभीर होतात. ग्रिल लावू का? इलेव्हेशन. तुळशीची कुंडी बाहेर ठेवू का? इलेव्हेशन. खिडकीवर उन्हाला आडोसा करू का? अहो, इलेव्हेशन! जणू आपण आयुष्यभराचं कर्ज काढून घर घेतलं ते समोरच्या रस्त्यानं जाणाऱ्या बसमधल्या लोकांना छान दिसावं म्हणून. (ते बिचारे गाडीतळाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतात, त्यांना आमच्या इलेव्हेशनकडे बघायला वेळ भरपूर मिळतो, ही गोष्ट वेगळी.)

तर आज माझं या देवाशी भांडण आहे. मंडळी, लेख लांबणार आहे, पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसा.

आमचं नवीन घर हडपसरात नवव्या मजल्यावर आहे. दोन बेडरूम, दोन्हींच्या खिडक्या पश्चिमेला. खिडकीवर छज्जा नाही. काच भिंतीच्या बाहेरच्या कडेला इतकी सपाट बसवलीय की चिमणीला बसायला बोटभर जागा नाही. मार्च संपायच्या आत मी दोन्ही खिडक्यांना बाहेरून चिकाचे पडदे लावून घेतले. तेच आपले बांबूच्या काड्यांचे, सुतळीनं विणलेले, गुंडाळून वर घेता येतात ते. आठवड्याच्या आत कमिटीचं पत्र आलं. 'इमारतीच्या दर्शनी सौंदर्यास बाधा' वगैरे, आणि पंधरा दिवसांत काढा, नाहीतर दंड.

मी खाली पार्किंगमध्ये जाऊन आमच्या बाजूचं ते दर्शनी सौंदर्य नीट बघून आलो. एसीची बाहेरची डबडी एकवीस. त्यांच्या नळ्या आणि वायरी भिंतीवरून लोंबताहेत, काहींचं पाणी खालच्या मजल्यावर टपकतंय. कबुतरांच्या जाळ्या जवळजवळ प्रत्येक बाल्कनीला. डिश अँटेना सहा. एका बाल्कनीत गेल्या दिवाळीचा आकाशकंदील अजून आहे, फक्त सांगाडा उरलाय. या सगळ्याला परवानगी आहे. कबुतर आत येऊ नये म्हणून जाळी चालते. ऊन आत येऊ नये म्हणून पडदा चालत नाही! ऊन बाहेर अडवलं की सौंदर्याला बाधा, आणि तेच ऊन आत घेऊन मग मशीन लावून उपसलं की सौंदर्य शाबूत. हे तर्कट कुठल्या शाळेत शिकवतात ते एकदा बघायला पाहिजे.

आता थोडं गणित. कंटाळू नका, सोपं आहे. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास आकाश स्वच्छ असेल तर पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला साधारण सहाशे वॅट ऊन पडतं. पाच फूट बाय चार फुटांची खिडकी म्हणजे दोन चौरस मीटरला थोडी कमी. साधी काच त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या वर आत सोडते. म्हणजे एका खिडकीतून नऊशे वॅट. खोलीत नऊशे वॅटची शेगडी लावून ठेवल्यासारखंच झालं, आणि हे तासनतास चालतं. दोन खिडक्या धरा, अठराशे वॅट. एक टनाचा एसी साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर उपसतो. म्हणजे त्याची निम्मी ताकद नुसती त्या दोन खिडक्यांतून आलेलं ऊन परत बाहेर फेकण्यात जाते. एका हातानं शेगडी पेटवायची, दुसऱ्या हातानं त्यावर पाणी ओतायचं, आणि दोन्हींचं बिल भरायचं.

"मग आतून जाड पडदा लाव की!" हे मला आतापर्यंत कमिटीनं, शेजाऱ्यांनी, दोन मेव्हण्यांनी आणि पडद्याच्या दुकानदारानं सांगून झालंय. दुकानदाराकडे त्यासाठी 'ब्लॅकआउट' नावाचा भारी कपडा असतो. त्यानं अंधार होतो हे खरं. पण अंधार आणि गारवा यांत फरक आहे हो! ऊन काचेतून एकदा आत आलं की आलं. ते पडद्यावर पडतं, पडदा तापतो, आणि तापलेला पडदा जी उष्णता सोडतो ती लांब लहरींची असते. काच उन्हाला सहज वाट देते, पण या लांब लहरींना देत नाही. त्यामुळे पडदा आणि काच यांच्यामध्ये हवा तापत राहते, आणि पडद्याच्या वरून, बाजूनं खोलीत उतरते. उन्हात उभी केलेली गाडी आठवा. तिच्या काचेला आतून चंदेरी पत्रा लावला तर स्टिअरिंगला हात लावता येतो एवढंच, गाडी तापायची ती तापतेच. पांढरा पडदा काही ऊन परत फेकतो, नाही असं नाही, पण बराचसा माल आत आलेलाच असतो. चोर दिवाणखान्यात आल्यावर कपाटाला कुलूप लावण्यातला हा प्रकार आहे.

आडोसा काचेच्या बाहेर असला की तो स्वतः तापतो आणि त्याची उष्णता वाऱ्यावर निघून जाते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीत आकडा दिलाय: पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून कापडी छत लावलं तर उन्हाची उष्णता ७७ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. जर्मनीत राहणारा माझा मामेभाऊ सांगतो की तिथं साध्या घरांनाही बाहेरून गुंडाळी शटर असतात, आतून पट्टा ओढला की खाली येतात. स्पेन, इटली, दक्षिण फ्रान्स इथल्या गावांचे फोटो आपण कौतुकानं बघतो ना, पिवळ्या भिंती आणि हिरव्या लाकडी झडपा? त्या झडपा फोटोसाठी नसतात. दुपारी त्या बंद करून लोक आत झोपतात. तिथं त्या झडपांमुळेच इलेव्हेशन सुंदर दिसतं म्हणे. आमच्याकडे झडप लावली की कुरूप.

आणि हे शिकायला युरोपात जायची तरी काय गरज? आपल्याकडे काय नव्हतं? ओसरी, पडवी, अंगणातला मांडव, वाळ्याचे पडदे, लाकडी पट्ट्यांच्या झडपा. पुणे कॅम्पातले जुने बंगले बघा, चारी बाजूंनी व्हरांडा आणि त्या व्हरांड्याला चीक. साहेब थंड देशातून आला, पण इथल्या उन्हाशी पंगा घ्यायचा नाही हे त्याला चटकन कळलं. इतकं कशाला, सोलापूर रस्त्यानं मांजरी, लोणीकडे निघालात तर दोन्ही बाजूंना नर्सऱ्या लागतात. तिथल्या माळ्यानं रोपांवर हिरवी शेडनेट ताणलेली असते. पन्नास टक्के सावली कुणाला, पंचाहत्तर टक्के कुणाला, हे त्याला तोंडपाठ असतं. शेवंतीच्या रोपाला उन्हाळ्यात जे मिळतं ते नव्वद लाखांच्या फ्लॅटमधल्या माणसाला मिळू नये?

इथं कुणीतरी म्हणणार, अरे पण छज्जा असतोच की बऱ्याच इमारतींना. हो, असतो. आणि तिथंच आपल्याला कुणी नीट न सांगितलेली गोष्ट येते, ती म्हणजे सूर्य कुठून कुठं जातो. पुणं साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तेरा-चौदा तारखेच्या आसपास दुपारी साडेबाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे ऐन मे-जूनमध्ये दक्षिणेच्या खिडकीवर दुपारचं थेट ऊन येतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये येतं, पण इतकं उभं की दीड फुटाचा छज्जा चार फुटांची आख्खी खिडकी झाकतो. आणि थंडीत सूर्य खाली उतरला की त्याच खिडकीतून छान कोवळं ऊन घरात येतं. थोडक्यात, आपल्या गावात सगळ्यात शहाणी खिडकी दक्षिणेची.

आणि आपण काय करतो? दक्षिणेचं नाव काढलं की नाक मुरडतो. वास्तुशास्त्र! दक्षिणेला यमाची दिशा म्हणून लोक फ्लॅट नाकारतात, पूर्व-पश्चिमेसाठी वर पैसे मोजतात. बिल्डरही हुशार, तो मागणी तसा नकाशा काढतो. यमाला घाबरून आपण थेट सूर्याच्या तोंडी जाऊन बसतो.

कारण पश्चिमेचं ऊन आडवं येतं. मी कागदावर मांडून बघितलं. मेच्या मध्यावर, दीड फुटाचा छज्जा आणि त्याखाली चार फुटांची खिडकी धरली, तर दुपारी तीनला छज्जाची सावली दोन फुटांपर्यंत येते. चारला सव्वा फूट. पाच वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम सत्तावीस अंशांवर असतो, तेव्हा सावली उरते नऊ इंच. म्हणजे ऊन सगळ्यात छळतं तेव्हा छज्जा नुसता शोभेचा. पाच वाजता ती खिडकी पूर्ण झाकायची तर पावणेआठ फुटांचा छज्जा लागेल! तो कुणी बांधणार नाही. म्हणून पश्चिमेला (आणि सकाळी पूर्वेला) उभाच आडोसा लागतो: चीक, झडप, जाळी, पट्ट्या, नाहीतर चांगली खोल बाल्कनी. यात मताचा किंवा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. ही भूमिती आहे आणि ती जनरल बॉडीच्या बहुमतानं बदलत नाही.

खोल बाल्कनीवरून आठवलं. पुण्यातल्या बाल्कन्यांचं काय झालं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण थोडक्यात सांगतो. पूर्वी बाल्कनी ही घराची टोपी होती. ऊन तिच्यात पडायचं, खोलीपर्यंत पोचायचं नाही. मग जादा पैसे भरून बाल्कनी बंद करून घ्यायची सोय झाली आणि बिल्डरांनी ती खोलीत ढकलली. खोली तीन फूट मोठी, ब्रोशरमधला आकडा मोठा, आणि काच थेट उन्हात. आपणही खूश, 'हॉल केवढा मोठा आहे' म्हणून. टोपी काढून तिच्या कापडाचा खिसा शिवून घेतला आणि आता टाळू तापते म्हणून ओरडतोय. वर आणखी सरकत्या खिडक्या. सरकत्या खिडकीचा निम्मा भाग नेहमी बंदच राहतो, त्यामुळे ऊन पूर्ण खिडकीतून आणि वारा अर्ध्या खिडकीतून. जुन्या बिजागरीच्या खिडक्या सताड उघडायच्या. असो.

'उंच इमारतीला हे जमत नाही' असंही ऐकवलं जातं. मुंबईत कंबाला हिलवर चार्ल्स कोरियांनी बांधलेली कांचनजंगा नावाची इमारत आहे, १९८३ साली पूर्ण झालेली, अठ्ठावीस मजली. मुंबईत समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, आणि कडक ऊन नि पाऊसही तिकडूनच. कोरियांनी काय केलं? जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलला आणि दोन-दोन मजले उंच बाल्कन्यांच्या रूपानं टॉवरच्या कोपऱ्यांत बसवला. खोल्या मागे सरकल्या, ऊन-पाऊस व्हरांड्यातच थांबला. ती इमारत आजही आर्किटेक्चरच्या पुस्तकांत छापतात, ती सुद्धा इलेव्हेशनसाठी! अहमदाबादला ल कॉर्बुझिए यांनी गिरणीमालकांच्या संघटनेची इमारत बांधली, १९५४ ची. तिच्या पश्चिमेच्या बाजूला काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या तिरक्या लावल्यात, वारा आत यावा आणि ऊन अडावं म्हणून. तिचं सौंदर्यच त्या पट्ट्यांत आहे. म्हणजे ज्या आधुनिकतेच्या नावानं आपल्याला सपाट काच विकली जाते, तिच्या मोठमोठ्या महंतांनी उन्हापुढे काच उघडी टाकलेली नाही. कोट्यवधींची कामं करणाऱ्या आमच्या लोकांना एक पट्टी तिरकी करायला होत नाही.

कमिटीवर सगळं ढकलून मी बिल्डरला सोडतोय असं समजू नका. पण बिल्डर निघून गेला, त्याच्या काळ्या गाडीला एसी आहे. उरलो आपण.

आता हडपसरबद्दल. आत्या, तुला आठवतं ना, तू सासवडहून यायचीस तेव्हा एसटी हडपसरात शिरली की हवा बदलायची? मुठेचा उजवा कालवा इथूनच पुढे लोणी काळभोर, दौंडकडे जातो. त्याच्या पाण्यावर इथं ऊस, भाजीपाला उभा असायचा. आजचं मगरपट्टा सिटी म्हणजे सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर जमीन एकत्र करून २००० च्या आसपास उभं केलेलं गाव. शेतकऱ्यांनीच शहर वसवलं आणि मालकी स्वतःकडे ठेवली, याचं मला मनापासून कौतुक आहे, त्यावर टीका करायचा हेतू नाही. पण ऊस गेला आणि त्याच्या जागी काँक्रीट आलं की रात्री बदलतात. हल्लीच्या उन्हाळ्यांत हवामान खात्याचे पुण्यातले किमान तापमानाचे आकडे बघा. मगरपट्टा, वडगावशेरी, कोरेगाव पार्क ही नावं गरम रात्रींच्या यादीत वरच असतात, आणि शिवाजीनगर किंवा पाषाणपेक्षा इथली रात्र चार-पाच अंशांनी गरम असल्याचं कितीदा तरी दिसतं.

याचा अर्थ काय? पुण्याचा उन्हाळा पूर्वीही कडकच होता, १८९७ च्या एप्रिलमध्ये पारा ४३.३ अंशांवर गेल्याची नोंद आहे. पण पुण्याची खरी कमाई होती ती रात्र. दुपारी अडतीस-चाळीस आणि पहाटे वीस-एकवीस. दिवसा खिडक्या बंद, बाहेरून आडोसा, संध्याकाळी सूर्य गेला की सगळं सताड उघडं, रात्रभर भिंती गार होणार, सकाळी नऊला परत बंद. माझी आजी हे घड्याळाकडे न बघता करायची. या पद्धतीत घर दिवसा कमी तापायला हवं आणि रात्री हवा गार असायला हवी. दुसरी गोष्ट आपल्या हातातून निसटत चाललीय. म्हणून पहिली सोडून चालणारच नाही. दिवसभर आत घेतलेलं ऊन रात्री बाहेर टाकायला आता ती पहाट उरलेली नाही.

एसीवाल्यांसाठी एक शब्द. माझा एसीला विरोध नाही, माझ्याही घरात एक आहे. पण एसी गारवा तयार करत नाही, तो आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो, वर स्वतःची भर घालून. आतून साडेतीन हजार वॅट उपसायचे तर बाहेर साडेचार हजारांच्या आसपास ओकायचे. कुठं? वरच्या मजल्याच्या खिडकीखाली. एकवीस डबडी एका भिंतीवर संध्याकाळी एकदम चालू झाली की त्या बाजूच्या खिडक्या उघडायची सोय राहत नाही. मग बाविसावं लागतं. माझ्या चिकाच्या पडद्यानं शेजाऱ्याचं अर्ध्या वॅटचंही नुकसान होत नाही, पण बाधा तोच आणतो.

आता ज्या कारणासाठी मला हा विषय सोडता येत नाही ते सांगतो. पश्चिमेच्या दोन खोल्यांपैकी एकीत अण्णा झोपतात. वय अठ्ठ्याहत्तर, हृदयाच्या गोळ्या चालू. त्यांना एसी सोसत नाही, गुडघे धरतात, आणि आता पुण्यात उन्हाळ्यातही वीज जातेच. चीक लावण्याआधी मी त्या खोलीत चार दिवस थर्मामीटर ठेवला होता. संध्याकाळी सहाला सदतीस, रात्री अकराला अजून चौतीस. चीक लावल्यावर, बाहेर तसंच ऊन असताना, सहाला तेहतीस आणि अकराला एकतीस. वह्या आहेत माझ्याकडे, कुणाला बघायच्या असतील तर. तीन-चार अंश ऐकायला किरकोळ वाटतात. अण्णांना या तीन-चार अंशांत झोप लागते.

उष्माघात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शेतातला किंवा रस्त्यावरचा माणूस येतो, आणि त्याचे हाल खरे आहेतच. पण २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेत सुमारे पंधरा हजार माणसं दगावली, त्यांत बहुसंख्य म्हातारी होती, आणि कितीतरी आपापल्या घरात गेली. छपराखालच्या तापलेल्या खोल्यांत राहणाऱ्यांना धोका जास्त होता हे नंतर अभ्यासांत दिसलं. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत लाट आली, नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले, आणि त्यातून २०१३ साली तिथल्या महापालिकेनं देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. शरीराला दिवसाच्या उन्हातून सावरायला रात्र लागते. ती खोलीच रात्री चौतीसवर असेल तर म्हाताऱ्या हृदयाला सुट्टीच नाही. कमिटीच्या पत्रात 'सौंदर्य' हा शब्द तीनदा आलाय. राहणाऱ्यांचा उल्लेख फक्त 'दंड वसूल करण्यात येईल' या वाक्यात आहे.

एका आक्षेपाला मात्र मी मान देतो. वळीव. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला ढग भरून येतात आणि असा वारा सुटतो की नवव्या मजल्यावरून सैल बांधलेली कुठलीही वस्तू खाली कुणाच्या डोक्यात पडू शकते. हा धोका खरा आहे. सचिव साहेबांनी तो मांडला असता तर मी त्यांच्याशी बसून उपाय शोधला असता. तो मांडला नाही, सौंदर्य मांडलं. तरी उपाय सांगतो, कारण ते अवघड नाहीत. पडद्याच्या दोन्ही कडा ताणलेल्या स्टीलच्या तारेवर कड्यांनी अडकवायच्या, खालचा दांडा चौकटीला हुकानं बांधायचा, ब्रॅकेट भिंतीत अँकर बोल्टनं. माझे तसेच आहेत. बांबू नको तर अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, किंवा बाहेर वापरायचं जाळीदार कापड. रंग सगळ्यांनी एक ठरवा. पांढरा ठरवा, राखाडी ठरवा, हवं तर तुमच्या लाडक्या इलेव्हेशनला शोभेल असा ठरवा! सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत बदलाला कमिटीची लेखी पूर्वपरवानगी लागते असं म्हटलंय. परवानगी 'लागते' याचा अर्थ ती देता येते, हे कमिट्यांना कुणीतरी सांगा हो. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनं २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता काढली, तिच्यात भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातलीय आणि तो हिशोब करताना बाहेरचा आडोसा धरला जातो. दिल्लीतल्या बाबूला जे समजलं ते आमच्या ए विंगला समजायला हरकत नसावी.

म्हणून येत्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे. पूर्व आणि पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून आडोसा लावणं हा प्रत्येक सभासदाचा हक्क, कमिटीनं फक्त बांधणीची पद्धत आणि रंग ठरवायचा, आणि सत्तरीच्या पुढचं माणूस किंवा तान्हं मूल ज्या खोलीत झोपतं तिथं सोसायटीनं पुढच्या उन्हाळ्याआधी स्वतःहून सोय करायची. पेंटिंगच्या फंडात पैसे आहेत. भिंत रंगवायला असतात तर तिच्यावर सावली पाडायलाही असावेत. पत्राला उत्तरही दिलंय. पडदे काढणार नाही, दंडाची पावती पाठवा.

आणि भाचीबाई, तू मांजरीत फ्लॅट बघते आहेस असं ताईनं सांगितलं, म्हणून तुला वेगळं सांगतो. सेल्सवाला तुला सकाळी अकराची वेळ देईल. ती घेऊ नकोस. मे महिन्यात दुपारी चार वाजता जा, होकायंत्र आणि टेप घेऊन जा. जो फ्लॅट घ्यायचा त्याच मजल्यावर, त्याच बाजूला नेऊन दाखवा म्हण, लिफ्ट बंद असेल तर जिन्यानं चढ. खिडकीपाशी उभी राहून काचेवर तळहात ठेव. बाहेर छज्जा किती फूट, बाल्कनी किती खोल, ते मोजून लिहून घे, आणि खिडकीला बाहेरून पडदा लावू देणार का, हे करारात लिहून माग. दक्षिणेचा फ्लॅट स्वस्तात मिळत असेल तर डोळे झाकून घे, यमाचं मी बघतो. सॅम्पल फ्लॅट मात्र बघत बसू नकोस, त्यात एसी चालू असतो.